निकषबाईंचा फसलेला तास

त्यांना निकषबाई हे नाव कोणी ठेवलं हे विभागात कोणी कबूल करत नाही, पण ते चिकटलं ते चिकटलंच. चहा कसा झालाय असं विचारलं, तर "कशाच्या मानाने?" असं विचारणारी ही बाई. नवरा नवा शर्ट घालून समोर उभा राहिला, तर मान तिरकी करून आधी रंग, मग माप, मग शिवण असे तीन वेगळे अभिप्राय देणार. "नुसतं छान म्हणायला तुझं तोंड दुखतं का गं?" असं तो बिचारा म्हणायचा, आणि बाई खरंच विचार करून सांगायच्या, की छान या शब्दातून काही कळत नाही.

बावीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं. गेली चार वर्षं त्या विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागात होत्या. काम एकच: नोकरी करणाऱ्या शिक्षकांसाठी ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम तयार करायचा, तो चालवायचा, आणि त्याने शिकवण्यात काही फरक पडतो का ते तपासायचं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, दोन खिडक्या, त्यातली एक कायमची अडकलेली, आणि डोक्यावर चापट मारल्याशिवाय न चालणारा प्रिंटर. या खोलीत बसून बाईंनी चौदा पाठ लिहिले, प्रत्येक पाठ सात-सात वेळा खोडला, आणि दोनशे बारा शिक्षकांची पहिली तुकडी पार पाडली.

आज दुपारी तीन वाजता मूल्यमापन समिती येणार होती. समितीने मान्यता दिली तर पुढच्या वर्षापासून दोन हजार शिक्षक हा अभ्यासक्रम करणार. नाही दिली तर तो बंद, आणि बाई निवृत्तीपर्यंतची उरलेली दोन वर्षं जुन्या शाळेत. परत जायला त्यांची ना नव्हती. पण चार वर्षं घालवून हात हलवत परत जायचं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

साडेनऊला विभागप्रमुख दारातूनच म्हणाले, "बाई, समितीला नमुन्यादाखल दहा स्वाध्याय हवेत. शेवटचा स्वाध्याय. जरा चांगले चांगले वेचून काढा."

"ते तर म्हणाले होते, कोणतेही दहा द्या."

"अहो, कोणतेही दहाच द्या. फक्त चांगले कोणतेही द्या."

प्रमुख माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त सगळं सुरळीत पार पडायला हवं असायचं, आणि अशा माणसांच्या हातून जे व्हायचं ते होतंच.

शेवटचा स्वाध्याय हा अभ्यासक्रमाचा जीव होता. त्याचं नाव 'माझा फसलेला तास'. शिक्षकाने स्वतःच्या वर्गातला एक फसलेला तास प्रामाणिकपणे मांडायचा. चार रकाने: काय फसलं, का फसलं, काय बदल केला, सुधारणा काय झाली. वीस गुण, त्यातले आठ शेवटच्या रकान्याला, आणि पास व्हायला दहा. शिक्षकाला स्वतःची चूक बघता आली की निम्मं काम झालं, असं बाई प्रत्येक बैठकीत सांगायच्या. ही कल्पना त्यांची स्वतःची होती, आणि तिच्यावर त्यांचा पोटच्या पोरीसारखा जीव होता.

दोनशे बारांपैकी दोनशे चार पास झाले होते. सात जणांनी स्वाध्याय दिलाच नव्हता. दिला आणि तरी नापास झाली, अशी एकच बाई होती. नोंदणी क्रमांक एकशे सदतीस.

बाईंनी पहिला स्वाध्याय उघडला. अपूर्णांकांचा तास फसला होता. मुलं गोंधळली, शिक्षकाने विचार केला, दुसऱ्या दिवशी कागदाच्या घड्या घालून समजावलं, नव्वद टक्के मुलांना समजलं. चांगला होता. बाजूला काढला. दुसरा उघडला. अपूर्णांक, घड्या, नव्वद टक्के. असतं एखादवेळी. तिसरा विज्ञानाच्या शिक्षकाचा होता, आणि त्यात पाण्याची वाफ कशी होते हे मुलांना कळलं नाही म्हणून त्याने कागदाच्या घड्या घातल्या होत्या.

बाई खुर्चीत ताठ झाल्या.

चौथ्या स्वाध्यायात एक वाक्य होतं: "त्या क्षणी मला जाणवलं, की चूक मुलांची नव्हती, माझ्या घाईची होती." हे वाक्य त्यांनी पहिल्यातही वाचलं होतं. त्यांनी ते उचललं आणि दोनशे चार स्वाध्यायांत शोधायला लावलं. यंत्र जरा वेळ फिरत राहिलं. मग आकडा आला. एकशे अठ्ठ्याऐंशी.

एकशे अठ्ठ्याऐंशी शिक्षकांना एकाच क्षणी, एकाच शब्दांत, एकच गोष्ट जाणवली होती.

ते वाक्य बाईंचं स्वतःचं होतं. अभ्यासक्रम सुरू झाला तेव्हा शिक्षक विचारू लागले होते, की नेमकं काय लिहायचं, एखादा नमुना द्या ना. बाईंनी एका दुपारी बसून दिला. त्यांचा स्वतःचा फसलेला तास, चारही रकाने भरून. वर्गात बावीस वर्षं हेच केलं होतं त्यांनी: आधी फळ्यावर एक गणित सोडवून दाखवायचं, मग तसलीच दहा सोडवा म्हणायचं. नक्कल पकडणाऱ्या यंत्रालाही हे कळणं शक्य नव्हतं. विभागाचं स्वतःचं साहित्य तपासणीतून वगळा, नाहीतर कोणी प्रश्न उतरवून घेतला तरी तो चोर ठरेल, असा आदेश बाईंनीच सही करून दिला होता. तपासनीस आठ होते, प्रत्येकाकडे पंचवीस-तीस स्वाध्याय, आणि सगळ्यांच्या हातात बाईंचे निकष. निकषांत चोख बसलं की गुण. बाई स्वतः फक्त नापासांची फेरतपासणी करायच्या. पास झालेल्याकडे दुसऱ्यांदा कोण बघतं?

सव्वादहा झाले होते. त्यांनी आणखी एक स्वाध्याय उघडला, जो त्यांनी आजवर मुद्दाम उघडला नव्हता, कारण तो त्यांच्या नणंदेचा होता. नणंद एका शाळेत भाषा शिकवायची. दुसऱ्या तपासनीसाने तिला वीसपैकी अठरा दिले होते. महिनाअखेर मुख्याध्यापिकांच्या बढतीची यादी लागणार होती, आणि त्या यादीसाठी तिला हे प्रमाणपत्र हवं होतं. वाक्याच्या प्रकारांना कागदाच्या घड्या कशा घालतात हे देवालाच ठाऊक, पण तिने घातल्या होत्या. नव्वद टक्के मुलांना समजलं होतं.

बाईंनी फोन लावला.

"वहिनी? मधली सुट्टी आहे, पटकन बोल."

"तू वर्गात खरंच कागदाच्या घड्या घातल्यास?"

तिकडून हसू. "वाचलंस होय? अगं, तुझाच तर कित्ता गिरवला. आमच्या गटावर कोणीतरी तुझा नमुना टाकला आणि खाली लिहिलं, बाईंना असं लागतं. झालं. आम्ही मास्तर माणसं, वहिनी. नमुना उत्तर दिसलं की पेन आपोआप चालतं. जन्मभर पोरांकडून दुसरं काय करून घेतलं?"

"अगं, पण तुझा फसलेला तास विचारला होता. तुझा."

"आणि माझा खरा लिहिला असता, तर सुधारणेचे आठ गुण कोणी दिले असते? तू?"

मागे घंटा वाजली. नणंदेचा आवाज एकदम बारीक झाला. "का गं? काही भानगड नाही ना? यादी आहे माझी."

"नाही," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. हे म्हणजे अवघड जागेचं दुखणं झालं होतं, सांगताही येत नाही आणि सोसवतही नाही.

मग त्यांनी एकशे सदतीस नंबरचा स्वाध्याय उघडला. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी तो स्वतः तपासला होता. दोन खोल्यांच्या लांबच्या शाळेतली शिक्षिका. वर्गातला एक मुलगा वाचून दाखवायला उभा राहिला की गप्प होतो. तिने त्याच्याशी एकट्याशी बोलून पाहिलं. चित्रांची पुस्तकं दिली. सोबत आणखी एक मुलगा उभा केला. एकदा रागावलीसुद्धा, आणि तेही लिहिलं होतं, आणि रागावल्यावर त्याचे कान कसे लाल झाले तेही. शेवटच्या रकान्यात तिने दोनच शब्द लिहिले होते: झाली नाही.

आठपैकी शून्य. एकूण नऊ. नापास. शेरा बाईंच्याच हाताचा: "सुधारणेचा पुरावा नाही." त्यावर तिचा मेल आला होता, तीन आठवड्यांपूर्वी. "बाई, मी खरं लिहिलं. सुधारणा झाली असती तर तीही लिहिली असती." बाईंनी उत्तर दिलं होतं, "गुण निकषांनुसार दिलेले आहेत." तेव्हा हे वाक्य त्यांना स्वच्छ आणि न्यायाचं वाटलं होतं. आता ते वाचून त्यांना स्वतःची लाज वाटली, सरळ लाज, तिला दुसरं नाव नाही.

एक वाजता त्या प्रमुखांच्या खोलीत गेल्या आणि सगळं सांगितलं. प्रमुखांनी डबा झाकला.

"किती जणांचं वाक्य सारखं आहे?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी."

"म्हणजे सोळा जणांचं वेगळं आहे." प्रमुखांच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "दहाच लागतात ना आपल्याला?"

"सर!"

"बाई, हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता? मान्यता होऊ दे. मग पुढच्या वर्षी नमुना काढून टाका, निकष बदला, हवं ते करा. आणि दोनशे चार लोकांची प्रमाणपत्रं आहेत, त्यात तुमच्या घरचंही माणूस आहे. आपलेच दात आणि आपलेच ओठ."

बाईंनी खोलीत येऊन त्या सोळांतले दहा काढले. काढले, हे लपवण्यात अर्थ नाही. दहाही बरे होते, दोन तर सुंदर होते. त्यांनी त्याची एक फाइल केली, तिला 'समिती' असं नाव दिलं आणि त्या नावाकडे बराच वेळ बघत बसल्या. डबा उघडलासुद्धा नाही. पुढच्या वर्षी बदलता येईल, हे प्रमुखांचं म्हणणं खोटं नव्हतं. दोन हजार शिक्षकांना एका चुकीपायी मुकायचं का, हाही प्रश्न खोटा नव्हता. चुकीचं काम करायला लागतात तेवढी सगळी बरोबर कारणं टेबलावर हजर होती.

तीनला पाच मिनिटं कमी असताना त्यांनी आपला नमुनाही छापून घेतला. प्रिंटरला चापट न मारताच तो चालला.

समितीत तिघं होते. अध्यक्षस्थानी एक निवृत्त प्राचार्या, हळू आवाजाच्या, हातात टोक केलेली पेन्सिल. प्रमुखांनी पडद्यावर आकडे दाखवले. पूर्ण करणारे शहाण्णव टक्के. शिक्षकांचं समाधान, पाचपैकी चार पूर्णांक सात दशांश. समितीतले दोघे माना डोलवत होते. मान्यतेचा कागद टेबलावर, सहीची जागा मोकळी.

"उत्तम," प्राचार्या म्हणाल्या. "स्वाध्याय बघू या? दहा सांगितले होते, कोणतेही."

बाईंचा हात माऊसवर होता. एका दाबाने फाइल उघडली असती. प्रमुख त्यांच्याकडे न बघता बघत होते. बाईंना, काही कारण नसताना, त्या मुलाचे लाल कान आठवले.

"दहा आहेत," त्या म्हणाल्या, "पण ते कोणतेही नाहीत. मी वेचलेले आहेत. दोनशे चारांत असे सोळाच होते."

प्रमुखांनी डोळे मिटले. बाईंनी पुढचं सगळं सांगितलं, घड्यांपासून एकशे अठ्ठ्याऐंशीपर्यंत, नक्कल पकडणाऱ्या यंत्राबद्दलच्या आदेशावरच्या सहीपर्यंत. मग आपला नमुना आणि एकशे सदतीस नंबरचा स्वाध्याय, दोन्ही कागद पुढे सरकवले. प्राचार्यांनी दोन्ही वाचले. एवढा वेळ लावला, की बाहेर कोणीतरी जिना चढून उतरून गेलं.

"या बाई नापास कशा झाल्या?"

"माझ्या निकषांनी."

"आणि हा नमुना तुमचा. हा तास खरा आहे?"

इथे बाईंना हो म्हणता आलं असतं. घड्या त्यांनी खरंच घातल्या होत्या, फक्त दुसऱ्या वर्षी, दुसऱ्या वर्गात. नव्वद टक्के मात्र कोणी कधी मोजले नव्हते.

"नाही," त्या म्हणाल्या. "खरा वेगळा होता."

"सांगा."

"अपूर्णांकांचा भागाकार शिकवत होते. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, बाई, पण उलटा का करायचा?" बाई थांबल्या. "अकरा वर्षं शिकवत होते मी ते. का करायचा, ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, उलटा करायचा म्हणजे करायचा. बस खाली. ती बसली. त्यानंतर वर्षभरात तिने एकही प्रश्न विचारला नाही. गणितं सगळी बरोबर सोडवायची. उलटा करून."

"मग तुम्ही काय बदल केला?"

"त्या रात्री पुस्तक काढून का ते समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी वर्गाला सांगितलं. ती खाली बघत होती. तिला वेगळं बोलवायला हवं होतं, चुकलं म्हणायला हवं होतं. ते मी केलं नाही. बाईने मुलीला चुकलं म्हणायचं, हे तेव्हा जमलं नाही."

"आणि सुधारणा?"

"झाली नाही."

प्राचार्यांनी निकषांचा तक्ता ओढून घेतला आणि पेन्सिलीने एकेका रकान्यापुढे आकडा मांडला. काय फसलं, चार. का फसलं, तीन. बदल, दोन. शेवटच्या रकान्यापुढे पेन्सिल थांबली. तक्ता त्यांनी फिरवून बाईंपुढे केला. "बेरीज तुम्हीच सांगा."

"नऊ."

"पास किती?"

"दहा," बाई म्हणाल्या, आणि चार माणसांसमोर त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मान्यता मिळाली नाही. एक वर्ष स्थगिती, निकष नव्याने, नमुना रद्द, आणि दोनशे चार जणांनी शेवटचा स्वाध्याय पुन्हा लिहायचा. तोवर प्रमाणपत्रं थांबली. एकशे सदतीस नंबरला त्याच दिवशी पास करायचं ठरलं. प्रमुख पंधरा दिवस बाईंशी फक्त लेखी बोलले. गटांवर शिक्षकांनी बाईंचा जो उद्धार केला, तो इथे लिहिण्यासारखा नाही. महिनाअखेर मुख्याध्यापिकांची यादी लागली, तिच्यात नणंदेचं नाव नव्हतं.

नणंदेने बोलणं टाकलं. नवऱ्याला बहिणीचा फोन आला की तो गच्चीवर जाऊन बोलायचा. "तुमच्या दोघींच्या मधली आडवी रेघ झालोय मी," असं एकदा म्हणाला. बाईंना हसू आलं नाही.

एकशे सदतीस नंबरला बाईंनी माफीचं पत्र पाठवलं होतं, चारदा खोडून. तिचं उत्तर आलं. "पास केल्याबद्दल आभारी आहे. तो मुलगा अजून वाचत नाही. तुम्ही अनुभवी आहात, मी आता काय करू?" बाईंनी तीन वेळा उत्तर लिहायला घेतलं आणि तिन्ही वेळा पुसलं, कारण जे सुचत होतं ते सगळं चौदा पाठांत आधीच होतं, आणि तिने ते करून पाहिलं होतं.

बोलणं टाकल्यापासून विसाव्या दिवशी नणंदेचा फोन आला.

"माझं काय गेलंय ते मी विसरणार नाही, वहिनी."

"विसरू नकोस."

"लिहून पाठवलंय. वाच. आणि तूच तपास. नणंद आहे म्हणून दुसऱ्याकडे ढकलू नकोस."

तीन पानं होती, हाताने लिहिलेली, फोटो काढून पाठवलेली, खाडाखोडीने भरलेली. नणंदेने एका मुलाचा निबंध सगळ्या वर्गासमोर वाचून दाखवला होता, हसं करायला. वर्ग हसला होता, तीही हसली होती. निबंध त्या मुलाच्या आजारी आईवर होता, आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्यावर तिला ते कळलं. का फसलं, या रकान्यात तिने लिहिलं होतं: मी न वाचता वाचून दाखवला. सुधारणेचा रकाना आधी भरून मग पूर्ण खोडलेला होता.

बाईंनी पानं दोनदा वाचली. गुणांच्या रकान्यात कर्सर लुकलुकत होता. जुने निकष फाडून झाले होते, नवे अजून ठरायचे होते, आणि निकषबाईंना आयुष्यात पहिल्यांदा किती गुण द्यायचे ते कळेना. हे कोणालातरी विचारायला हवं होतं. कोणाला, याचा विचार करायला त्यांना फारसा वेळ लागला नाही.

त्यांनी एकशे सदतीस नंबरला फोन लावला. पाच-सहा वेळा वाजला, मग उचलला गेला. मागे वर्गाचा गोंगाट होता.

"बाई? तुम्ही? त्या मुलाचं काही सुचलं का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "मला नाही सुचलं. पण माझ्यासमोर तीन पानं आहेत, आणि तीही मला तपासता येत नाहीयेत. तुम्हाला वेळ आहे का?"

पलीकडे ती मुलांना म्हणाली, "गप्प बसा रे जरा, माझा फोन आहे." मग दार लोटल्याचा आवाज आला. "वाचा," ती म्हणाली. "सावकाश वाचा."